साक्षीदारच खोटा निघाला तर? भट्टीच्या तापमापकाची शंभर वर्षांची दुरुस्ती

१७८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एका इंग्रज कुंभाराने आपल्या भट्टीच्या कमाल उष्णतेचा आकडा मांडला: २१,८७७ अंश फॅरनहाइट. सेल्सियसमध्ये सांगायचे तर १२,००० अंशांहून थोडे अधिक. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सियस आहे. म्हणजे त्या कुंभाराच्या हिशेबाने त्याची भट्टी सूर्याच्या दुप्पट तापत होती, आणि तरीही तिच्या विटा जागच्या जागी शाबूत होत्या.

हा कुंभार कोणी गप्पिष्ट हौशी माणूस नव्हता. तो जोसाया वेजवुड होता. स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम गावी १७३० साली जन्मलेला, राजघराण्याला भांडी पुरवणारा, युरोपभर माल विकणारा कारखानदार. चार्ल्स डार्विन यांचे आईकडून आजोबा. ज्या यंत्राने हा अशक्य आकडा दिला, त्याच यंत्रामुळे त्यांना १७८३ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले होते.

आज स्वयंपाकघरातील विजेच्या ओव्हनचे दार उघडले, तर मागच्या भिंतीतून पेन्सिलीहून बारीक अशी एक धातूची नळी डोकावताना दिसते. अनेक ओव्हनमध्ये तिच्या टोकाशी प्लॅटिनमचा सूक्ष्म घटक असतो. तो आतल्या उष्णतेची साक्ष देतो आणि त्या साक्षीवर सारा कारभार चालतो. ही साक्षच खोटी असली, तर पडद्यावर १८० अंश झळकत राहतात आणि आतला पदार्थ कच्चा राहतो किंवा करपतो. खोटा साक्षीदार पकडायचा कसा, हा प्रश्न वेजवुड यांच्या भट्टीपासून सुरू होतो आणि त्याचे भक्कम उत्तर १८८६ च्या सुमारास केंब्रिजमध्ये सापडते. हा थ्रेड त्या शंभर वर्षांचा आहे.

आधी अडचण समजून घ्यायला हवी. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. त्यापलीकडे साध्या पाऱ्याच्या तापमापकाचा उपयोग नाही. काच तर पुढे मऊच पडते. कुंभार, काचकामगार, लोहार, ओतारी यांचे खरे काम मात्र त्या मर्यादेनंतरच सुरू होते. त्यामुळे हजारो वर्षे त्यांनी डोळ्यांवर भिस्त ठेवली: मंद लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, पांढरा. स्वयंपाकघरातही तेच. तव्यावर पाण्याचा थेंब टाकून तो कसा नाचतो ते पाहायचे. भट्टीत चिमूटभर पीठ किंवा कागदाचा तुकडा टाकून त्याचा रंग किती वेळात बदलतो ते पाहायचे. अनुभवी हाताला एवढे पुरते. पण एका कारागिराचा ‘चेरी लाल’ दुसऱ्याला कळवायचा असेल, तर तेथे अनुभव मुका होतो.

वेजवुड यांची तक्रार नेमकी हीच होती. त्यांच्या कारखान्यात भट्टी थोडी अधिक तापली, तर अख्खी भरणी वाया जाई. रंगांची नावे त्यांना फार ढोबळ वाटत. म्हणून त्यांनी चिनी मातीच्याच एका गुणाचा आधार घेतला: माती तापवली की आकसते, आणि थंड झाल्यावरही आकसलेलीच राहते.

यंत्र विलक्षण साधे होते. पितळेच्या पट्टीवर दोन कडा अशा बसवलेल्या, की त्यांच्यामधली खाच एका टोकाला अर्धा इंच आणि चोवीस इंचांनंतर दुसऱ्या टोकाला ०.३ इंच रुंद. खाचेच्या लांबीवर २४० भाग पाडलेले. ठरावीक मापाचा मातीचा तुकडा भट्टीत ठेवायचा, बाहेर काढून थंड होऊ द्यायचा आणि खाचेत सरकवायचा. तो जितका आत जाईल, तितकी भट्टी तापलेली. दिवसाउजेडी जेमतेम दिसणारा लालपणा म्हणजे शून्य. १७८२ साली हे यंत्र रॉयल सोसायटीपुढे आले.

इथवर सारे ठीक होते. आजच्या कल इथेच, एवढे भाग आणि उद्याही तेवढेच भाग, इतकेच कारखान्याला हवे असते. गोंधळ सुरू झाला तो या ‘वेजवुड अंशां’ची सांगड फॅरनहाइटशी घालताना. मधला पूल म्हणून त्यांनी चांदीच्या तुकड्याचे प्रसरण मोजले. चांदी सर्व तापमानांना सारख्याच प्रमाणात प्रसरण पावते आणि माती सारख्याच प्रमाणात आकसते, असे गृहीत धरले. त्यातून निघालेले सूत्र असे: त्यांचा शून्य म्हणजे १,०७७.५ अंश फॅरनहाइट, आणि पुढचा प्रत्येक भाग १३० अंशांचा.

या सूत्राने तांबे ४,५८७ अंश फॅरनहाइटला, म्हणजे अडीच हजार अंश सेल्सियसला वितळायला हवे. प्रत्यक्षात ते १,०८५ अंशांना वितळते. बिडाचा आकडा तर १७,९७७ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ १०,००० अंश सेल्सियस. खरा आकडा १,२०० च्या आसपास.

आकडे फुगले, हा एक भाग झाला. त्याहून बोलका पुरावा त्यांच्या तक्त्यातील क्रमात दडलेला आहे. वेजवुड यांच्या मापाने तांबे २७ अंशांवर, चांदी २८ वर आणि सोने ३२ वर वितळते. वस्तुस्थिती अशी की या तिघांत चांदी सर्वांत आधी वितळते, मग सोने, आणि तांबे सर्वांत शेवटी. मोजपट्टी नुसती ताणली गेली असती तर आकडे चुकले असते. क्रम चुकला नसता. जो तापमापक कमी-जास्तही उलटेपालटे सांगतो, त्याला आकड्यांची दुरुस्ती करून वाचवता येत नाही.

दोष संवेदकाच्या द्रव्यातच होता. माती केवळ तापमानाला दाद देत नाही. किती वेळ तापली यालाही देते. मध्यम आचेवर दीर्घकाळ राहिलेला तुकडा तीव्र आचेवर थोडा वेळ राहिलेल्या तुकड्याइतका आकसू शकतो. शिवाय माती ही खाणीतून येते. एका ठिकाणची माती दुसरीसारखी वागत नाही, आणि पहिला साठा संपल्यावर तंतोतंत तशीच माती मिळवणे खुद्द वेजवुड यांनाही जमले नाही. आजच्या शब्दांत सांगायचे तर सुटा भाग बदलला की माप बदलत होते.

तरीही त्यांचे अंश पुढची कित्येक वर्षे रसायनशास्त्राच्या ग्रंथांत छापले जात राहिले. कारण उघड आहे: तपासणार कशाने? त्या उष्णतेत जाऊन दुसरी साक्ष देणारे कोणीच नव्हते. एकच साक्षीदार असला की त्याची उलटतपासणी होत नाही.

मधल्या काळात प्लॅटिनमच्या दांडीचे प्रसरण मोजणारी यंत्रे आली, हवेच्या दाबावर चालणारे तापमापक आले. हवेचा तापमापक तत्त्वतः उत्तम होता. पण त्याचा फुगा, नळ्या आणि पाऱ्याचे स्तंभ घेऊन भट्टीशी उभे राहणे प्रयोगशाळेबाहेर कुणाला परवडणारे नव्हते. पुढचे मोठे वळण मात्र भट्टीपासून फार दूर, समुद्रात टाकायच्या तारांमुळे आले.

१८६० च्या सुमारास रंगून ते सिंगापूर अशी तारायंत्राची केबल टाकण्याचे इंग्रज सरकारचे बेत होते. (ही केबल शेवटी तेथे गेलीच नाही, ती भूमध्य समुद्रात माल्टा ते अलेक्झांड्रिया या मार्गाला वापरली गेली.) जहाजाच्या पोटात मैलोगणती केबलची वेटोळी रचलेली होती, आणि तिच्या आवरणातले गुट्टा-पर्चा उष्णतेने मऊ पडणारे. वेटोळ्यांच्या गाभ्यात केबल आपोआप तापते आहे का, हे कळायला हवे होते. तेथे काचेचा तापमापक पोहोचत नव्हता. विल्यम सीमेन्स यांनी केबलच्या थरांमध्ये तारेची गुंडाळी ठेवली आणि बाहेर बसून तिचा विद्युत रोध मोजला. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, हे ठाऊक होतेच. पाहणाऱ्याने आत न डोकावता आतले तापमान वाचण्याची ही युक्ती आजच्या अनेक ओव्हनमध्ये जशीच्या तशी आहे.

सीमेन्स हॅनोव्हरजवळच्या लेंट गावचे. तरुणपणी इंग्लंडात आले आणि तिथलेच झाले. भाऊ फ्रेडरिक यांच्यासह त्यांनी उष्णता वाया न घालवणारी प्रचंड तापाची भट्टी उभी केली होती, आणि तिने पोलादाचा धंदा पालटून टाकला. इतक्या तापाची भट्टी स्वतःच बांधल्यावर तिचे तापमान मोजण्याची जबाबदारीही ओघाने आलीच. १८७१ साली रॉयल सोसायटीच्या बेकरियन व्याख्यानात त्यांनी भट्टीसाठीचा विद्युत तापमापक मांडला: भाजलेल्या मातीच्या नळकांड्यावर गुंडाळलेली प्लॅटिनमची बारीक तार, आणि तिच्या संरक्षणासाठी बाहेरून लोखंडी नळी.

या रचनेतली एक बारीक गोष्ट कौतुकास्पद आहे. तारेपासून मोजणीयंत्रापर्यंत जाणाऱ्या जोडतारांनाही स्वतःचा रोध असतो, आणि भट्टीजवळ त्याही तापतात. मग वाढलेला रोध गाभ्यातला की वाटेतला? सीमेन्स यांनी दोनऐवजी तीन तारा नेल्या आणि वाटेतला रोध हिशेबातून वजा होईल अशी सोय केली. तीन तारांची ही जोडणी कारखान्यांत आजही सर्रास वापरली जाते.

यंत्र तपासण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली. तिचा १८७४ चा अहवाल प्रतिकूल आला. तापमापक भट्टीत घालून काढला आणि थंड केला, की त्याचा रोध मूळ आकड्यावर परतत नव्हता. पुन्हा तापवला की आणखी सरकत होता. ज्याचे शून्यच वाहत जाते, त्याच्या पुढच्या आकड्यांना काय किंमत? प्लॅटिनमच्या रोधावर अचूक तापमापन उभे करण्याची कल्पना या अहवालानंतर शास्त्रज्ञांच्या मनातून जवळजवळ उतरली.

समितीचे निरीक्षण बिनचूक होते. पण त्यातून लोकांनी काढलेला अर्थ चुकला. समितीने एक यंत्र तपासले होते. दोष मात्र तत्त्वाच्या माथी बसला. प्लॅटिनम लबाड आहे की त्याला लबाड संगतीत ठेवले आहे, हा प्रश्न बारा वर्षे नीटसा विचारलाच गेला नाही.

तो विचारला ह्यू कॅलेंडर या तरुणाने. जन्म १८६३ चा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने आधी ग्रीक-लॅटिनमध्ये पहिला वर्ग मिळवला, मग गणितात. प्रयोगशाळेतल्या भौतिकशास्त्राचा अनुभव त्याला नव्हता म्हटले तरी चालेल. (याच माणसाने पुढे लघुलेखनाची एक पद्धतही तयार केली, एका विषयात मावणारा तो नव्हता.) कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे नवे प्रमुख जे. जे. थॉमसन यांनी त्याला हा विषय सुचवला. फार पूर्वज्ञान लागणार नाही आणि हाताचे कौशल्य मात्र कसाला लागेल, असा हा प्रश्न होता.

कॅलेंडर यांची पद्धत आज एखाद्या जाणत्या दुरुस्तीकाराची वाटते. तार बदनाम झाली होती. त्यांनी तारेभोवतालचे एकेक कारण सुटे केले.

पहिले कारण, संसर्ग. लोखंडी नळी लालबुंद झाली की भट्टीतले वायू तिच्यातून आत शिरतात. अशा वायूंच्या सान्निध्यात भाजक्या मातीतील सिलिका प्लॅटिनमला बाधते. तार ठिसूळ होते आणि तिचा रोध बदलतो. म्हणजे ज्या मातीने तारेला आधार द्यायचा, तीच तिला विष देत होती, आणि ज्या नळीने राखण करायची, ती चोराला वाट देत होती.

दुसरे कारण, ताण. तार नळकांड्यावर घट्ट गुंडाळली की तापताना तिला मोकळेपणी वाढता येत नाही. ती ताणली जाते, आणि ताणलेल्या तारेचा रोध कायमचा पालटतो.

उपाय दोन्हींवर एकदम होता. शुद्ध प्लॅटिनमची तार, आधी नीट तापवून मऊ केलेली. आधाराला आयुर्वेदामुळे मराठी माणसाच्या कानावरून गेलेले अभ्रक, म्हणजे उष्णता सोसणारे आणि तारेला न बाधणारे द्रव्य. त्यावर तार सैल, जेमतेम टेकलेली. आणि बाहेरून काचेची किंवा अधिक तापासाठी चिनी मातीची झिलईदार नळी. असा तापमापक तापवून थंड केला, की तो इमानाने मूळ आकड्यावर परत येऊ लागला.

आता उरला दुसरा अर्धा भाग: परत येतो हे खरे, पण सांगतो ते खरे का? त्यासाठी हवेच्या तापमापकाशी तुलना करायला हवी होती. तेथे एक सापळा असतो. भट्टीत दोन तापमापक शेजारी ठेवले, तरी दोन्ही जागा सारख्या तापलेल्या असतील याची हमी नसते. मग फरक यंत्रांचा की जागेचा, हे कळत नाही. कॅलेंडर यांनी प्लॅटिनमची गुंडाळी थेट हवेच्या तापमापकाच्या फुग्यातच बसवली. आता दोन्ही साक्षीदार एकाच खोलीत होते. सुमारे ६०० अंशांपर्यंत केलेल्या या तुलनेतून एक साधे सूत्र निघाले, आणि १८८७ साली ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

योगायोग असा की त्याच सुमारास पॅरिसमध्ये आंरी ल शातलिए दुसऱ्या एका बदनाम यंत्राची अशीच सुटका करत होते. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याला उष्णता दिली की विद्युतदाब निर्माण होतो, हे १८२१ पासून माहीत होते; पण लोखंडासारख्या धातूंचे सांधे भरवशाचे निघेनात म्हणून रेन्योसारख्या थोर प्रयोगकर्त्याने त्यांचा नाद सोडला होता. ल शातलिए यांनी एक तार शुद्ध प्लॅटिनमची आणि दुसरी प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या मिश्रधातूची घेतली, आणि सांधा इमानी झाला. इथेही तत्त्व निर्दोष होते; धातूंची निवड चुकली होती.

पण गोष्टीतला सर्वांत शिकवणारा प्रसंग यानंतरचा आहे. केंब्रिजमध्येच ई. एच. ग्रिफिथ्स यांनी स्वतःचे प्लॅटिनम तापमापक तयार केले. तेही उत्तम होते. मात्र त्यांचे आकडे कॅलेंडर यांच्या सूत्राशी काही अंशांनी जुळेनात. दोन सज्जन साक्षीदार आणि दोन वेगळ्या साक्षी. दोघांनी भांडण्याऐवजी एकत्र शोध घेतला. ग्रिफिथ्स यांनी आपले तापमापक जुळवण्यासाठी गंधकाचा उत्कलनबिंदू वापरला होता, आणि त्यासाठी रेन्यो यांचा जुना, सर्वमान्य आकडा विश्वासाने घेतला होता. घोटाळा त्या आकड्यात होता. १८९१ साली दोघांनी मिळून नवा आकडा दिला: ४४४.५३ अंश सेल्सियस. दोन्ही तापमापकांमधले वैर तेथेच मिटले.

यंत्र बरोबर, वाचणारा बरोबर, आणि ज्या मानकाशी ताडून पाहिले तेच चुकलेले: अशी चूक सर्वांत उशिरा सापडते, कारण मानकावर संशय घेण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. १८९९ साली कॅलेंडर यांनी बर्फ, वाफ आणि गंधक या तीन खुणांवर जुळवलेला प्लॅटिनमचा तापमापक व्यवहारासाठी प्रमाण मानावा असे सुचवले. १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत उणे १९० पासून ६६० अंशांपर्यंत प्लॅटिनमलाच प्रमाण साक्षीदाराचा मान मिळाला. कॅलेंडर १९३० साली वारले. त्यांचा मुलगा गाय कॅलेंडर याने १९३८ साली जगभरच्या हवामान केंद्रांतील जुन्या तापमान-नोंदी पारखून पृथ्वी तापते आहे असे दाखवले आणि त्याचा संबंध कोळशाच्या धुरातील कार्बन डायऑक्साइडशी जोडला. बापाने तापमापक विश्वासार्ह केला, आणि लेकाने त्याचे म्हणणे गंभीरपणे घेतले.

स्वयंपाकघरात मात्र प्लॅटिनम उशिरा आले. ब्रिटनमध्ये १९२३ साली गॅसच्या ओव्हनला ‘रेग्युलो’ नावाचा नियंत्रक बसू लागला. त्यात पितळेची नळी आणि आत इन्व्हार या मिश्रधातूची दांडी असे. पितळ वाढे, इन्व्हार जवळजवळ तसाच राही, आणि त्या फरकाने गॅसची झडप आवळली जाई. इंग्रजी पाककृतींत आजही दिसणारे ‘गॅस मार्क ४’ हे त्या चकतीवरचे आकडे. अंश नव्हेत, नुसते क्रमांक. वेजवुड यांच्या खाचेवरच्या भागांशी त्यांचे नाते जवळचे आहे: काल चारवर चांगले भाजले, तर आजही चारवरच ठेवा.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले तसे ओव्हनच्या भिंतीतून प्लॅटिनमची नळी डोकावू लागली. पुष्कळ ओव्हनमधील संवेदकाचा रोध शून्य अंशाला १,००० ओहम असतो आणि दर अंशाला तो साधारण ३.८ ओहमने वाढतो. (काही कंपन्या ५०० ओहमचा किंवा अगदी वेगळ्या जातीचा संवेदक वापरतात, त्यामुळे माहितीपत्रकातला आकडा आधी पाहणे इष्ट.) आणि तो बिघडला की तपासणीचा क्रम त्या शंभर वर्षांच्या वाटेनेच जातो.

वीज पूर्ण बंद करून, ओव्हन थंड असताना संवेदकाची जोडणी सोडवायची आणि मल्टिमीटरने रोध पाहायचा. खोलीत २५ अंश असतील, तर १,००० ओहमच्या जातीने सुमारे १,०९७ दाखवायला हवेत. रोध अनंत आला तर तार तुटलेली, शून्याजवळ आला तर आत चिकटलेली. हे दोन्ही दोष प्रामाणिक म्हणायचे. ओव्हन बहुधा स्वतःच चूक दाखवून थांबतो.

त्रास देतो तो किंचित सरकलेला संवेदक, १८७४ च्या समितीने पकडला तसा. त्याच्यासाठी कुटलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या मिश्रणात नळीचे फक्त टोक धरायचे. १,००० ओहम आले तर शून्य जागेवर आहे. आणि आकडा बरोबर असूनही ओव्हन चुकत असेल, तर सीमेन्स यांची शंका आठवावी: वाढीव रोध वाटेतला तर नाही? काळवंडलेल्या, सैल झालेल्या जोडणीने चाळीस ओहम वाढवले, तर ओव्हनला आतले तापमान दहा-अकरा अंशांनी जास्त वाटते. तो वेळेआधीच ताप तोडतो आणि पदार्थ कच्चा राहतो. अशा वेळी नवा संवेदक विकत आणून काही साधत नाही. जोडणी साफ केली की काम भागते.

वेगळा तापमापक आत ठेवून ताडून पाहायचे असेल, तर तो संवेदकाच्या जवळ हवा. दारापाशी लटकवलेला तापमापक मागच्या कोपऱ्याची साक्ष देऊ शकत नाही. कॅलेंडर यांनी गुंडाळी फुग्यात बसवली ती याचसाठी. शिवाय ओव्हन एका तापमानावर स्थिर नसतो. तो थोडा वर जातो, थोडा खाली येतो. एकदाच डोकावून निकाल देण्यापेक्षा अर्धा तास नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढलेली बरी.

आणि तो दुसरा तापमापक तरी खरा कशावरून? इथे ग्रिफिथ्स यांचा गंधक आठवतो. उकळत्या पाण्यात त्याने १०० दाखवावेत, असे कोणीही सांगेल. पण उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर अवलंबून असतो. मुंबईत समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात साधारण ९८ ला, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ ला. महाबळेश्वरी उकळत्या पाण्यात पंचाण्णव दाखवणारा तापमापक कचऱ्यात टाकला, तर तो निर्दोष साक्षीदाराला झालेला दंड ठरेल.

१९९० पासून चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत प्लॅटिनमचा अधिकार वर जेथे संपतो, ती खूण म्हणजे चांदीचा गोठणबिंदू, ९६१.७८ अंश सेल्सियस. वेजवुड यांनी आपल्या मातीची सांगड घालण्यासाठी पूल म्हणून निवडला होता तोच हा धातू. त्यांच्या तक्त्यात त्याच्यापुढे २८ हा आकडा आहे. त्यांच्याच सूत्राने मांडला, तर तो २,६०० अंश सेल्सियसच्या घरात जातो.